शर्मगाह, हया आणि चिरलेली पपई

आपल्या मराठीत बाईचे दुखणे सांगताना 'अंग' हा शब्द फार कामाला येतो. पांढरे जात असेल तर 'अंगावरून जाते', गर्भाशय खाली उतरले असेल तर 'अंग बाहेर येते'. एका अवयवाचे नाव घ्यायचे नाही म्हणून सबंध देह पुढे करायचा, अशी ही रीत आहे. दवाखान्यात बसलेली बाई 'तिथं', 'खाली', 'जागेवर' एवढ्या तीन शब्दांत वर्षानुवर्षांचे दुखणे सांगू पाहते. डॉक्टर पुरुष असला तर तेवढेही सांगत नाही. आम्हा मराठी बोलणाऱ्या मुस्लिम बायकांकडे मात्र या बाबतीत एक शब्द जास्तीचा आहे. मक्तबात गुस्लचे आणि पाकीचे मसले शिकताना तो कानावर पडतो, लग्नात मिळालेल्या 'बहिश्ती जेवर'च्या पानांवर तो सापडतो. तो शब्द म्हणजे शर्मगाह. ईदगाह म्हणजे ईदची जागा, तशी शर्मगाह म्हणजे शरमेची जागा. हा शब्द पुरुषालाही लागू आहे, हे आम्हाला फार उशिरा कळले. लहानपणी तो आम्हाला फक्त आमच्यासाठीच घडवलेला वाटत असे.

ज्या जागेचे नावच शरम आहे ती जागा मुलगी स्वतः कधी पाहत नाही, दुसरीची पाहण्याचा प्रश्नच येत नाही. न पाहिलेल्या गोष्टीविषयी माणसाच्या मनात दोनच भावना राहतात, कुतूहल आणि धास्ती. मुलग्यांच्या वाट्याला कुतूहल येते, मुलींच्या वाट्याला धास्ती. आपले अंग बरोबर आहे की बिघडलेले, एक बाजू मोठी आणि एक लहान कशी, रंग इतका काळपट का, लग्नानंतर नवरा काय म्हणेल, हे प्रश्न कोणत्या धर्माचे वा देशाचे नाहीत. गेल्या पन्नास वर्षांत जगातील काही कलावंतांनी या धास्तीलाच हात घातला. त्यांच्या कामाची चर्चा आपल्या पानांतून फारशी झालेली नाही. ती करताना संकोच वाटतो, हे आम्ही लपवत नाही. तरी ती करायला हवी असे आम्हाला वाटते आणि त्याचे कारण पुढे येईलच.

*

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्रायटन या शहरात 2011 साली जेमी मॅकार्टनी या शिल्पकाराने एक काम लोकांसमोर ठेवले. 400 स्त्रियांच्या योनीच्या बाहेरच्या भागाचे प्लास्टरमध्ये घेतलेले ठसे, एका फलकावर 40 याप्रमाणे 10 फलकांवर बसवलेले. सगळे फलक शेजारी शेजारी लावले की 9 मीटर लांबीची भिंत उभी राहते. चीनच्या प्रचंड भिंतीच्या नावावर कोटी करून त्याने या कामाचे नाव ठेवले. पाच वर्षे हे काम चालले. ठसे देणाऱ्या स्त्रिया 18 ते 76 वर्षांच्या होत्या. त्यांत आई आणि मुलगी होत्या, जुळ्या बहिणी होत्या, बाळंतपणाआधी आणि नंतर असे दोनदा ठसे देणारी एक स्त्री होती. आतले ओठ कापून लहान करून घेण्याच्या शस्त्रक्रियेच्या आधीचा आणि नंतरचा ठसाही होता.

ही शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे, कारण भिंतीचे मूळ तिच्यात आहे. पाश्चात्त्य देशांत अशा शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या मुलींची संख्या वाढत होती. त्यांतील पुष्कळजणींना कोणताही आजार नव्हता. त्यांनी मासिकांतील आणि अश्लील चित्रफितींतील गुळगुळीत, सारखी केलेली चित्रे पाहिली होती आणि आपण तशा नाही एवढेच त्यांना कळले होते. 2005 मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी 50 स्त्रियांची मोजमापे प्रसिद्ध केली. एरवी निरोगी असलेल्या या स्त्रियांत आतल्या ओठांची रुंदी 7 मिलिमीटरपासून 50 मिलिमीटरपर्यंत आढळली. म्हणजे एकीपेक्षा दुसरीचे माप सातपट, आणि दोघींना काहीही झालेले नाही. ब्रिटनमधील प्रसूतितज्ज्ञांच्या राजमान्य महाविद्यालयाला 2013 मध्ये सांगावे लागले की अठरा वर्षांखालील मुलींवर ही शस्त्रक्रिया सहसा करू नये. वाढ पुरी व्हायच्या आत मुली कापून घ्यायला येत होत्या, असा त्याचा अर्थ.

मॅकार्टनीची भिंत आम्ही छायाचित्रांतच पाहिली आहे. पहिल्यांदा पाहिली तेव्हा पान झटकन उलटले, हेही सांगून टाकतो. पण पुन्हा पाहिली तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. या कामाची सारी ताकद संख्येत आहे. एक ठसा असता तर तो तमाशा झाला असता. दहा असते तर सौंदर्यस्पर्धा झाली असती. चारशे झाले की नजर थकते, चवचाल राहत नाही, आणि मग ती मुकाट्याने शिकू लागते. येथे दोन सारखे नाहीत. जुळ्या बहिणींचेही नाहीत. चेहरे जसे निरनिराळे, कान जसे निरनिराळे, तसेच हे. जी मुलगी वर्षभर मनात एकच प्रश्न घेऊन बसली आहे तिला या भिंतीसमोर उत्तर मिळते. तेही कोणाला विचारावे न लागता.

तरीही या भिंतीविषयी आमचे काही आक्षेप आहेत. पहिला आक्षेप चेहऱ्यांचा. ठशांना चेहरा नाही, नाव नाही. हा त्या स्त्रियांचा पडदाच म्हणायचा, आणि तो त्यांना हवा होता. त्याबद्दल तक्रार नाही. पण चारशे बायका आणि एकीचाही आवाज नाही, यामुळे पाहणाऱ्याच्या हाती पुन्हा अवयवच उरतो. जिने बाळंतपणाआधी आणि नंतर ठसा दिला ती काय म्हणाली असेल? भिंत ते सांगत नाही.

दुसरा आक्षेप रंगाचा, आणि तो आम्हाला अधिक गंभीर वाटतो. सगळे ठसे पांढरे आहेत. प्लास्टरने आकाराची धास्ती घालवली, पण रंगाला पांढऱ्यात बुडवले. इंग्रज मुलीला आकार छळतो. आपल्याकडे रंग आधी छळतो. मुलगी दाखवताना गोरेपणाची चौकशी करणाऱ्या समाजात ही चौकशी कपड्यांच्या आतही पोहोचली आहे. 2012 मध्ये भारतीय दूरचित्रवाणीवर एका धुण्याच्या द्रावणाची जाहिरात आली होती. नवऱ्याचे लक्ष नाही म्हणून खंतावलेली बायको, आणि त्यावर उपाय म्हणून ती जागा उजळ करणारे द्रावण. त्या भागाची त्वचा शरीराच्या इतर त्वचेपेक्षा गडद असते, वयात येताना आणि गरोदरपणी आणखी गडद होते. यामागे शरीरातील संप्रेरके असतात, मळ नव्हे. हे साधे सत्य शाळेत कोणी सांगत नाही, म्हणून बाटली विकली जाते. मॅकार्टनीची पांढरी भिंत सांगली-सोलापूरकडच्या एखाद्या सावळ्या मुलीला निम्मेच उत्तर देते.

*

या वाटेवर मॅकार्टनीच्या कितीतरी आधी एक स्त्री गेली होती. अमेरिकेतील जुडी शिकागो यांनी 1974 ते 1979 या काळात, शेकडो मदतनिसांना घेऊन, 'द डिनर पार्टी' नावाचे प्रचंड काम केले. प्रत्येकी 48 फुटांच्या तीन बाजूंचे त्रिकोणी मेज, त्यावर इतिहासातील आणि पुराणातील 39 स्त्रियांसाठी मांडलेली पाने, आणि प्रत्येक पानावर त्या स्त्रीची चिनी मातीची थाळी. थाळीवर फूल आहे, फुलपाखरू आहे, आणि त्याच वेळी ती योनीही आहे. मेजाच्या एका टोकाकडून निघालो की सुरुवातीच्या थाळ्या सपाट आहेत, पुढे आकार वर उठत जातो. खाली फरशीवर आणखी 999 नावे. 1979 साली सॅन फ्रान्सिस्कोत हे काम प्रथम मांडले गेले. 1990 मध्ये ते वॉशिंग्टनच्या एका विद्यापीठाला भेट देण्याचे ठरले, तेव्हा अमेरिकेच्या लोकप्रतिनिधींनी सभागृहात त्याला अश्लील ठरवून असा गदारोळ केला की शिकागोंनी भेटच मागे घेतली. 2007 पासून ते न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन संग्रहालयात कायमचे मांडलेले आहे.

शिकागोंनी मॅकार्टनीला न जमलेली गोष्ट केली. त्यांनी अवयवाला नाव दिले, इतिहास दिला, भरतकाम दिले. ज्या अवयवावरून बाईला चुलीकडे बसवले तोच अवयव त्यांनी मेजावर मानाच्या पानावर ठेवला. पण याच मेजावर एक पान असे आहे की जे पाहून काळ्या लेखिकांनी प्रश्न विचारले. गुलामगिरीतून सुटलेल्या आणि स्त्रियांच्या हक्कांसाठी बोलणाऱ्या सोजर्नर ट्रूथ यांच्या थाळीवर योनी नाही. तेथे तीन चेहरे आहेत. एक रडतो आहे, एक संतापलेला आहे. अॅलिस वॉकर यांनी आणि नंतर हॉर्टेन्स स्पिलर्स यांनी यावर बोट ठेवले. गोऱ्या बाईला देह आहे, काळ्या बाईला फक्त सोसणे आहे, असा त्यांचा रोख होता. काळी बाईही बाई असते, तिला तसाच देह असतो, हे स्त्रीवादी कलावंतालाही सुचू नये?

हा आक्षेप आम्ही वाचला आणि मग त्या 39 पानांची यादी पुन्हा पाहिली. त्यांत इश्तर आहे, काली आहे, अमेरिकेची मूलनिवासी सकाजविया आहे. मुस्लिम स्त्री एकही नाही. राबिया बसरी नाही, रझिया सुलतान नाही, आमची चांदबीबी नाही. 1970 च्या दशकातील अमेरिकेला ही नावे सुचली नाहीत, एवढ्यावर आम्ही हे सोडून दिले असते. पण पुढे याच परंपरेत मुस्लिम स्त्री आली तेव्हा कशी आली, ते पाहण्यासारखे आहे.

ईव्ह एन्सलर यांचे 'द व्हजायना मोनोलॉग्ज' हे नाटक 1996 साली न्यूयॉर्कमध्ये आले. दोनशेहून अधिक स्त्रियांशी बोलून ते लिहिलेले होते. कोणीतरी आपल्या देहाविषयी हसत बोलते, कोणी आरशात पहिल्यांदा पाहिल्याचे सांगते, कोणी चिडते. नाटकाचे मोठेपण या निरनिराळ्या आवाजांत आहे. 2004 मध्ये चेन्नईच्या पोलिसांनी त्याच्या प्रयोगाला परवानगी नाकारली. मुंबईत मात्र ते इंग्रजीत आणि पुढे हिंदीत होत राहिले. मराठीत वंदना खरे यांनी ते 'योनीच्या मनीच्या गुजगोष्टी' या नावाने आणले. मराठी रंगमंचावर बायकांनी हा शब्द मोठ्याने उच्चारला आणि प्रेक्षागृहातल्या बायका आधी संकोचून आणि मग मोकळ्या होऊन हसल्या, ही लहान गोष्ट नाही. 'गुजगोष्टी' हा शब्दही नेमका आहे. तो बायकांच्या माजघरातला आहे.

मूळ इंग्रजी नाटकात मुस्लिम स्त्री कोठे आहे? ती बोस्नियाच्या युद्धातील बलात्कारित स्त्रीच्या स्वगतात आहे, आणि पुढे जोडलेल्या, अफगाण स्त्रीच्या बुरख्याविषयीच्या स्वगतात आहे. ही दोन्ही दुःखे खरी आहेत, त्यांवर बोललेच पाहिजे. परंतु इतर बायकांना या नाटकात हसू आहे, कुतूहल आहे, वात्रटपणा आहे. आमच्या वाट्याला बुरखा आणि जखम. सोजर्नर ट्रूथच्या थाळीवरचे रडणे येथे वेगळ्या रूपाने परत आले, असे आम्ही म्हणतो.

*

या कलेला केवळ धर्ममार्तंडच विरोध करतात अशी समजूत आहे. ती तपासून पाहावी. जपानच्या मेगुमी इगाराशी या चित्रकर्तीने सांगितले आहे की, दुसऱ्या कोणाचे कधी पाहिलेले नसल्याने आपले अंग विचित्र असावे असे तिला वाटत असे. या धास्तीतूनच तिने स्वतःच्या अंगाचे ठसे घेऊन त्यांवर रंगीत, खेळकर देखावे रचले. संगणकावर मोजमाप उतरवून त्या आकाराची एक होडीही बनवली आणि पैशाची मदत करणाऱ्यांना ते मोजमाप पाठवले. 2014 मध्ये तिला दोनदा अटक झाली. 2016 मध्ये टोकियोच्या न्यायालयाने ठसे मांडल्याच्या आरोपातून तिला सोडले, पण मोजमाप पाठवल्याबद्दल 4 लाख येन दंड केला. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. टोकियोजवळच्या कावासाकीत दरवर्षी पुरुषाच्या लिंगाची मिरवणूक निघते, त्या आकाराची मिठाई पोरेही चोखतात, तिला कोणी अडवत नाही. जपानमध्ये ना मुल्लांचे वर्चस्व आहे ना मिशनऱ्यांचे. यावरून आम्ही एवढेच म्हणू की बाईच्या देहाची शरम हा कोणा एका धर्माचा शोध नाही. पुरुषाचा अवयव उत्सव होतो आणि बाईचा गुन्हा होतो, ही वाटणी धर्माच्या अलीकडची आणि पलीकडचीही आहे.

आपल्या दख्खनच्या मातीत तर उलटाच पुरावा आहे. मराठवाड्यातील तेरच्या आसपास आणि खाली बदामी-आलमपूरपर्यंत लज्जागौरीच्या मूर्ती सापडल्या आहेत. पाय फाकवून बसलेली, जननेंद्रिय पुढे असलेली, डोक्याच्या जागी कमळ असलेली ही देवी. रा. चिं. ढेरे यांनी 1978 साली तिच्यावर 'लज्जागौरी' हा ग्रंथ लिहिला आणि ती सर्जनाची, भूमीची देवता कशी आहे ते दाखवले. तिला डोके का नाही, याचे उत्तर लोकांनी नंतर रचले. लाजेने तिने मान आत घेतली म्हणे. जी मूर्ती घडवताना कोणाला लाज वाटली नाही तिच्या नावातच पुढे लाज घातली गेली. 'शर्मगाह' या शब्दाचीही तीच गोष्ट आहे.

*

येथे आम्हाला आपल्या वाचकांशी स्पष्ट बोलायचे आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात आता प्रश्न असेल की हे सारे आपल्या हयेला शोभते का. हया ही इमानची शाखा आहे, हे आम्हीही शिकलो आहोत. म्हणूनच हया आणि शरम यांत फरक करायला हवा असे आम्हाला वाटते. हया दुसऱ्याच्या नजरेसंबंधी असते. माझे काय कोणाला दिसावे, हे ठरवण्याचा तो माझा अधिकार आहे. शरम स्वतःच्या नजरेसंबंधी असते. माझ्यात काहीतरी घाण आहे, बिघडलेले आहे, असे मला वाटणे म्हणजे शरम. हया बाईला उंच करते, शरम तिला वाकवते. आपण घराघरांत हयेच्या नावाखाली मुलींना शरम शिकवली.

कुरआनात या अवयवासाठी येणारा शब्द 'फर्ज' आहे. त्याच्या धातूत फट, मोकळी जागा असा अर्थ आहे, शरम नाही. त्याचे रक्षण करावे ही आज्ञा पुरुषांना आधी आणि स्त्रियांना नंतर, एकाच ठिकाणी दिलेली आहे. आदम आणि हव्वा यांच्या कथेत नग्नतेसाठी आलेल्या शब्दाला वाईट दिसण्याची छटा आहे, हे खरे. पण तेथेही पाने दोघांनी लपेटली, दोष दोघांचा आहे. उलट गर्भाशयाला जो शब्द आहे, 'रहम', तो रहमान आणि रहीम या नावांच्याच धातूतला आहे, आणि हदीसमध्ये हे नाते अल्लाहने स्वतः सांगितल्याचे आले आहे. ज्या अंगाचे नाते दयेशी जोडलेले आहे त्याच्या दाराला आपण शरमेचे नाव दिले.

हदीसच्या ग्रंथांत एक प्रसंग आहे. एका स्त्रीने पैगंबरांना (स.) हैजनंतरची पाकी कशी करावी हे विचारले. कस्तुरी लावलेले कापड घेऊन पाकी कर, असे त्यांनी सांगितले. तिला कळले नाही. कशी करू, म्हणून ती पुन्हा विचारत राहिली. पैगंबरांनी संकोचाने तोंड फिरवले. तेव्हा हजरत आयेशा (र.) यांनी त्या स्त्रीला आपल्याकडे ओढून घेतले आणि रक्ताचा माग जेथे जेथे असेल तेथे ते कसे वापरायचे ते समजावून दिले. या प्रसंगात हयाही आहे आणि ज्ञानही आहे. एकासाठी दुसऱ्याचा बळी दिलेला नाही. प्रश्न विचारणाऱ्या बाईला कोणी गप्प केले नाही, आणि उत्तर देण्यासाठी एक जाणती बाई तेथे होती. याच अन्सार स्त्रियांविषयी आयेशा (र.) यांनी कौतुकाने म्हटले आहे की लाजेने त्यांना दीन समजून घेण्यापासून अडवले नाही. आमचा आपल्या समाजाला प्रश्न आहे की आज ती ओढून जवळ घेणारी बाई कोठे आहे? आपल्या घरात, मदरशात, आपल्या साहित्यात?

ती नसली की काय होते याचे एक टोक आपल्या शेजारीच आहे. दाऊदी बोहरा समाजात लहान मुलींची खतना होते. मराठी बोलणाऱ्या मुस्लिमांच्या बहुतेक घरांत ही प्रथा नाही, पण त्यामुळे ती आपली नाही असे म्हणून हात झटकता येत नाहीत. प्रिया गोस्वामी यांच्या 2012 च्या 'अ पिंच ऑफ स्किन' या माहितीपटात बायका चेहरा न दाखवता बोलतात. ज्यांना आपल्या अंगाचा तो भाग काय आहे, कशासाठी आहे हे कधी कळलेच नाही त्यांच्याकडून तो सात वर्षांच्या वयात घेतला गेला. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 2018 मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने तो मोठ्या घटनापीठाकडे सोपवला. लंडनमध्ये शल्यविशारद पैसे घेऊन कापतो, मुंबईत वडीलधारी बाई पुण्य म्हणून कापते. एकीकडे मोठी झालेली मुलगी स्वतः चालत जाते, दुसरीकडे लहान पोरीला नेले जाते. हा फरक मोठा आहे, तो पुसू नये. पण अंग जसे आहे तसे चालणार नाही, हा विचार दोन्हीकडे एकच आहे.

*

आता ज्या कामासाठी आम्ही हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो. बुरखा आणि जखम यांच्या पलीकडे जाऊन मुस्लिम स्त्रीने स्वतः आपल्या देहावर काम केले आहे का? केले आहे, आणि ते आपल्या मुंबईत केले आहे. रुम्माना हुसेन या आधी चित्रे काढीत. 6 डिसेंबर 1992 नंतर, अयोध्या आणि मग मुंबईच्या दंगली पाहून, त्यांना कॅनव्हास पुरेसा वाटेना. त्यांनी फुटलेली मडकी आणि आरसे घेतले, गेरू आणि नीळ घेतली, कमानींची छायाचित्रे घेतली. 1995 मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय कलाकेंद्रात त्यांनी 'लिव्हिंग ऑन द मार्जिन्स' हा प्रयोग केला. पायात घुंगरू बांधून त्या हळूहळू चालत राहिल्या. तोंड उघडे, पण आवाज नाही. हातात मधोमध चिरलेली पपई.

चिरलेली पपई ज्या बाईने पाहिली आहे तिला हे समजावून सांगावे लागत नाही. मधली पोकळी, तिच्यातील काळ्याभोर बिया, कडेचा नारिंगी गर. तो बाईचा देह आहे आणि तरी तो पपईच आहे. आपल्या घरांत गरोदर बाईला पपईजवळ फिरकू देत नाहीत, पोट पडेल म्हणून. म्हणजे हे फळ आधीच बायकांच्या देहभीतीच्या गोष्टींत आहे. रुम्मानांनी ते स्वयंपाकघरातून उचलले आणि भर चौकात हातात धरले. उभी चिरली की पपईची कड कमानीसारखी दिसते, आणि घुमट पाडले गेल्यानंतरच्या मुंबईत हे ध्यानात येणारच. बाईचा देह आणि वस्तीची इमारत दोन्ही एकाच हाताने चिरले जातात, हे 1992-93 च्या काळात कोणी तोंडाने बोलू धजत नव्हते. उघड्या, आवाज नसलेल्या तोंडाने ते सांगितले.

या कामाला आम्ही मॅकार्टनीच्या भिंतीपेक्षा आणि शिकागोंच्या मेजापेक्षा आपल्या जवळचे मानतो. येथे चेहरा आहे, चालणारी, नावाची बाई आहे. रंग आहे, पांढरे प्लास्टर नाही. देह दाखवलेला नाही आणि लपवलेलाही नाही. कोणता पडदा ठेवायचा आणि कोणता काढायचा हे त्या बाईने ठरवले आहे. हया आणि शरम यांत जो फरक आम्ही वर करू पाहिला तो रुम्मानांनी एका फळाने करून दाखवला. 1999 मध्ये त्या कर्करोगाने गेल्या. दिल्ली-न्यूयॉर्कच्या कलादालनांत त्यांच्या कामाची चर्चा होते. मराठी मुस्लिम वाचकांपर्यंत ती पोहोचली नाही, हा दोष आपला आहे.

याचा अर्थ भिंतीची गरज नाही असा नव्हे. रुम्मानांची पपई प्रतीक आहे, आणि प्रतीकाने पंधरा वर्षांच्या मुलीला आपले अंग बरोबर आहे हे कळत नाही. तिला चित्र लागते, माहिती लागते, तिला जवळ ओढून घेणारी जाणती बाई लागते. प्लास्टरची भिंत हे त्या बाईचेच, थोडे अवघडलेले, रूप आहे. दोन्ही कामे आपापल्या जागी हवीत. एक धास्ती घालवते, दुसरी धास्तीमागचे राजकारण दाखवते.

आपल्या साहित्यात तलाक आला, दंगल आली, गरिबी आली, मोहल्ल्यातले राजकारण आले. हे सारे येणे आवश्यकच होते. पण कथेतली आपली बाई पहिल्या हैजच्या दिवशी काय समजून चुकली, बाळंतपणानंतर आरशात पाहताना तिला काय वाटले, अंगावरून जात असताना ती दवाखान्यात का गेली नाही, हे आपण लिहिलेले नाही. लिहिले तर अश्लील ठरेल अशी भीती असते. अश्लील काय, याचे उत्तर र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य'च्या पानांतून 1927 पासून मरेपर्यंत देत राहिले. 1934 मध्ये कोर्टात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली होती. त्या वारशावर आपलाही हक्क आहे.

पुढच्या पिढीतल्या मुलींना आपण मसले शिकवू तेव्हा 'शर्मगाह' हा शब्द पुस्तकात असणारच, तो काढून टाकता येणार नाही. पण तो वाचून झाल्यावर मुलगी मान वर करून 'म्हणजे काय?' असे विचारील, तेव्हा तोंड फिरवायचे की तिला जवळ ओढून घ्यायचे, हे आपल्या हातात आहे. तिला जवळ घेऊन सांगताना 'रहम' हा शब्दही सांगावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.